प्राझोसिनचा तक्ता

फार्मसी कॉलेजातल्या ग्रंथपालाला हल्ली पुस्तकांपेक्षा माणसं जास्त मोजावी लागतात. कुणाचे किती पेपर छापून आले, कुठल्या जर्नलमध्ये, त्या जर्नलचा आयएसएसएन क्रमांक काय, ते स्कोपसमध्ये आहे का, सायटेशन किती, म्हणजे इतरांनी त्या पेपरांचा संदर्भ किती वेळा दिला, एच-इंडेक्स किती. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची तयारी सुरू झाली की हा सगळा तक्ता माझ्या टेबलावर येऊन पडतो. मी राहते बोईसरला, खैराफाटकाच्या बाजूला, कॉलेज पालघरजवळ. सकाळी डहाणूहून येणारी गाडी बोईसरला बरीच रिकामी होते. एमआयडीसीतल्या कंपन्यांची माणसं उतरतात आणि त्यांच्या जागी आम्ही पालघरवाले चढतो. मधे एक उमरोळी, की पालघर. तेवढ्यात मोबाइलवर एखाद्या शिक्षकाचा मेसेज येतोच : ‘मॅडम, माझी सायटेशन वाढली आहेत, तेवढं अपडेट करा.’

काम वरवर सोपं वाटतं. नाव टाकायचं, आकडा उचलायचा, रकान्यात भरायचा. पण नावापासूनच घोळ सुरू होतो. इंग्रजी जर्नलांत लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच येतं. आता ‘पाटील एस.’ म्हणजे कोण? आमच्या जिल्ह्यात वाडवळांत पाटील, आगऱ्यांत पाटील, कोळ्यांत पाटील; शिवाय जळगाव-कोल्हापूरकडून नोकरीला आलेले पाटील वेगळेच. सचिन, सुनीता, संदीप, स्मिता, सगळे ‘एस.’ गूगल स्कॉलरला हे कळायचं काही कारण नाही. आमच्या एका सरांच्या प्रोफाइलवर ऊस, लेझर आणि म्हशीच्या दुधावरचे पेपर आपोआप येऊन बसले होते आणि त्यांचा एच-इंडेक्स एकदम फुगला होता. सर स्वतःच येऊन म्हणाले, “मॅडम, एवढा हुशार मी नाही. काढून टाका.” सगळेच असं म्हणतात असं नाही.

बायकांचं दुखणं निराळं. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावावर, नंतरचे सासरच्या. आमच्या एका मॅडमचा एम.फार्म.च्या वेळचा पेपर त्यांच्या सगळ्या पेपरांत उजवा आहे. पण यंत्राच्या लेखी तो लिहिणारी बाई दुसरीच. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो. तो घेतला आणि जुने-नवे सगळे पेपर त्याखाली आणले की हा प्रश्न बराचसा सुटतो. मी प्रत्येकीला तो काढायला लावते. रेशन कार्डावर नाव चढवायला जितका पाठपुरावा करावा लागतो, तितका या कामी मला करावा लागतो.

आणि मग जर्नलं. ‘आदरणीय प्राध्यापक महोदय, आपला अमूल्य लेख वाचून आम्ही भारावून गेलो’ अशा सुरुवातीचे ई-मेल आमच्याकडे रोज येतात. दंतमंजनावर पेपर लिहिलेल्या मॅडमना मेंदूविज्ञानाच्या जर्नलचं आमंत्रण येतं. खाली बारीक अक्षरात डॉलरमधली फी. बढतीसाठी पेपर लागतात, पेपरासाठी जर्नल लागतं आणि ही जर्नलं चार दिवसांत छापून देतात. आमच्यातल्या एकांनी पदरचे पैसे भरले, पेपर छापून आला आणि वर्षभरात ते जर्नलच इंटरनेटवरून गायब झालं. हे दुखणं एकट्या आमच्या कॉलेजाचं नाही. यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या जुन्या यादीची तपासणी डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आली. विद्यापीठांकडून आलेल्या नावांतून तपासलेल्या नमुन्यात सुमारे ८८ टक्के जर्नलं दर्जाला उतरत नव्हती. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर जर्नलं यादीतून काढली, पुढच्या वर्षी ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. माझ्या कपाटात तिन्ही काळातले प्रिंटआउट आहेत. कुठलाही फेकायची माझी छाती होत नाही, कारण जुना पेपर त्या काळी मान्य होता की नव्हता हे कधीही कुणीही विचारतं.

या मोजमापांचा इतिहास मी माझ्या हौसेने वाचला आहे. यूजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन माणसाने कुठल्या लेखाचा आधार पुढे कुणी घेतला याची सूची १९६०च्या दशकात बाजारात आणली. त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. सूचीत कुठली जर्नलं घ्यायची हे ठरवायला तो काढला आणि ग्रंथपालांनी पुढे कुठल्या जर्नलची वर्गणी भरायची हे ठरवायला वापरला. म्हणजे ते माप मुळात आमच्या धंद्यातलं. ते माणसांना कधी लावायला लागले कुणास ठाऊक. एच-इंडेक्स मात्र माणसांसाठीच निघाला. होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. निदान पाच सायटेशन असलेले पाच पेपर असतील तर पाच. दहा असलेले दहा असतील तर दहा. एकच पेपर लिहिला आणि तो हजार जणांनी वापरला, तरी तुमचा एच-इंडेक्स एकच. स्टाफरूममध्ये हे मी सांगितलं तेव्हा एक सर म्हणाले, “म्हणजे एकच शतक ठोकून निवृत्त झालेल्याला यात किंमत नाही.” नाही, खरंच नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं निमूट भरत आले. त्या तक्त्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लावलं ते आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी.

२५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन असतो. त्या दिवशी प्रत्येक गटाने एक औषध घेऊन बोर्ड करायचा, असं फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी सांगितलं होतं. बाकीच्या गटांनी पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, इन्सुलिन अशी नेहमीची नावं उचलली. एका गटाने घेतलं प्राझोसिन. मॅडमनाही आश्चर्य वाटलं. रक्तदाबाचं हे औषध आता डॉक्टर तितकंसं लिहीत नाहीत, पुस्तकात एक परिच्छेद असतो, परीक्षेत दोन मार्कांना येतं. विक्रमगडकडचा एक मुलगा त्या गटात होता. त्याने सांगितलं, “काकाला भातकापणीत विंचू चावला, लाल. हाताला डंख, पण माणूस घामाने चिंब, हातपाय गार. पीएचसीत नेलं तर डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली. आजी भांडायला उठली, माझ्या पोराला बीपी नाही, भलतं औषध काय देता म्हणून. डॉक्टर म्हणाले, आजी, झोपूनच ठेवा त्याला, उठवू नका. रात्रभर तिथंच बसले.” काका दुसऱ्या दिवशी घरी आला. ती गोळी प्राझोसिनची होती, हे या मुलाला दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी शिकताना कळलं.

मॅडमनी मला बोलावलं आणि सांगितलं, “या गोळीमागे आपल्या महाडचे डॉक्टर आहेत. त्यांची सगळी पेपरांची यादी, सायटेशन, एच-इंडेक्स काढून द्या. बोर्डाच्या कोपऱ्यात लावू.”

डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव मी ऐकून होते. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ आमच्या ग्रंथालयात आहे आणि ते सतत फिरत असतं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा मुलगा, नागपूरला एमबीबीएस, मग महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी नोकरी. २०२२ ची पद्मश्री. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांची पेपरांची यादी मात्र मी पहिल्यांदाच उघडून बसले.

आकड्याच्या बाबतीत नेहमीचंच झालं. पबमेडवर एक संख्या, स्कोपसवर दुसरी, गूगल स्कॉलरवर तिसरी. कुठे ‘बावस्कर एच. एस.’, कुठे नुसतं ‘एच.’, आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ‘पी. एच.’ म्हणून शेजारी. दोघांचे कितीतरी पेपर जोडीने. आकडे बाजूला ठेवून मी नुसती शीर्षकं जुन्याकडून नव्याकडे वाचत गेले, आणि तक्ता भरायचा राहूनच गेला.

१९७७ मध्ये ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये एक लहान लेख : विंचूदंश आणि हृदयाची गुंतागुंत. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तीन पानं : लाल विंचवाच्या दंशानंतर हृदय बिघडणार आहे हे आधीच ओळखायच्या खुणा. एकच लेखक. लॅन्सेट हे लंडनहून १८२३ पासून निघणारं साप्ताहिक. मोठमोठ्या प्रयोगशाळांची माणसं त्यात छापून यायला देव पाण्यात ठेवतात. आणि हा लेख कोकणातल्या एका सरकारी डॉक्टरने पेशंटच्या खाटेशेजारी बसून केलेल्या नोंदींचा. उलटी, अंगभर घाम, अंगावर काटा, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता. या खुणा दिसल्या की पुढे रक्तदाब चढणार आणि मग फुप्फुसात पाणी भरणार, हे त्यात मांडलं आहे. (त्या शेवटच्या खुणेवरून आमच्या बोर्डापाशी बरीच कुजबुज झाली. लिहायची की नाही? गटातल्या मुलींनीच ठरवलं, लिहायची. पेशंटच्या घरचे लाजून ती सांगत नाहीत, म्हणून तर डॉक्टरने विचारली पाहिजे.)

नंतर १९८६, पुन्हा लॅन्सेट. पती-पत्नी दोघांचं जेमतेम दोन पानांत मावणारं टिपण : विंचूदंशातल्या हृदयविकारावर प्राझोसिन. लाल विंचवाचं विष नसांवरच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर बोजा येतो, शेवटी फुप्फुसं भरतात आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. प्राझोसिन त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. म्हणून बीपी नसलेल्या माणसाला बीपीची गोळी. आणि म्हणूनच डॉक्टरांनी आजीला सांगितलं की त्याला उठवू नका. पहिल्या गोळीनंतर उभं केलं तर रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो. गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची, सलाइनचा पंप नको, अतिदक्षता विभाग नको. आरोग्य केंद्रात जे आहे त्यात भागतं. बावस्करांच्याच लेखांत नोंद आहे की प्राझोसिनच्या आधीच्या काळात पश्चिम भारतात विंचूदंशाने फुप्फुसात पाणी झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के माणसं दगावत. या औषधानंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आलं.

आमच्या नॅकच्या फॉर्ममध्ये संपादकांना लिहिलेली पत्रं आणि छोटी टिपणं पेपर म्हणून धरायची नाहीत अशी सूचना आहे. मी ते दोन पानांचं टिपण बघत होते आणि मनातल्या मनात त्या सूचनेवर काट मारत होते.

यादीतला चौथा लेख मला सगळ्यात आवडतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’, २०११. महाडच्या त्यांच्या दवाखान्यातले ७० पेशंट, ३५-३५ चे दोन गट. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविषलस. दहा तासांनंतर लस दिलेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवाल्यांपैकी फक्त ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध साधारण १८ तास. ज्या गोळीमुळे जगभर नाव झालं, ती एकटी पुरेशी नाही, तिच्या जोडीला लस दिली तर पेशंट निम्म्या वेळात बरा होतो, हे स्वतःच चाचणी घेऊन छापायचं! आमच्या क्षेत्रात मी पुष्कळ लोक बघितलेत जे पहिल्या पेपरावर वीस वर्षं बसून असतात, त्यात जरा फेरफार करून तोच पुन्हा छापतात. त्यामुळे त्यांचा एच-इंडेक्स वाढतो. बावस्करांचाही वाढला, पण रस्ता निराळा.

सायटेशन देणाऱ्यांची यादीही मी उघडली. मुलांना ती फार गमतीची वाटली. ब्राझील, मेक्सिको, मोरोक्को, ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तान, सौदी अरेबिया. म्हणजे जिथे जिथे विंचू आहेत, तिथले डॉक्टर महाडला वाचतात. लंडन-पॅरिसमध्ये विंचू चावून कुणी मरत नाही. त्यामुळे कर्करोगावरच्या एका साध्या लेखाला जेवढी सायटेशन वर्षभरात मिळतात, तेवढी विंचवावरच्या मोठ्या लेखाला मिळायला किती वर्षं जातील कुणी सांगावं. क्षेत्र लहान, वाचणारे थोडे, त्यातून लिहिणारे आणखी थोडे. दोन माणसांचे एच-इंडेक्स शेजारी शेजारी मांडले की हे दिसेनासं होतं. शिवाय विरोधात दिलेलं सायटेशनही एकच धरलं जातं. विंचूदंशावर इन्सुलिन द्यावं असं मानणारे डॉक्टर भारतातच होते. त्यांनी बावस्करांना खोडायला दिलेला संदर्भ आणि बावस्करांची गोळी देऊन पेशंट वाचवलेल्याने दिलेला संदर्भ, यंत्राला दोन्ही सारखेच.

आणि विक्रमगडच्या त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं काय? रात्रभर पेशंटपाशी बसून त्यांनी लॅन्सेटचा १९८६ चा लेख वापरला. पण त्यांनी पेपर लिहिला नाही, त्यामुळे ते कुठल्याच सायटेशनमध्ये नाहीत. सायटेशन फक्त लिहिणाऱ्यांची शिरगणती करतं. उपचार करणाऱ्यांची करत नाही. बावस्करांच्या बाबतीत तर बहुतेक वाचक दुसऱ्या प्रकारचे. हे मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “खरं आहे, पण लॅन्सेटमध्ये आलं नसतं तर त्या डॉक्टरांपर्यंत पोचलं असतं का?” त्यांचंही खरं. महाडच्या एका डॉक्टरने आपल्यापुरती युक्ती काढून ठेवली असती तर ती महाडातच राहिली असती. छापून आलं, परदेशातल्यांनी पारखलं, विरोधकांनी भांडण केलं, पाठ्यपुस्तकात एक ओळ गेली, ती ओळ प्रशिक्षणात आली आणि मग गोळी कपाटात आली. यातल्या एका टप्प्यावर मी मोजते ते सायटेशन आहे. बाकीच्या टप्प्यांना रकाना नाही, एवढंच.

यादीत शोधता शोधता आमच्या शेजारचाच एक लेख सापडला. ‘प्लॉस वन’, ऑगस्ट २०२१ : पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले आदिवासी आणि आरोग्य कर्मचारी सर्पदंशाबद्दल काय जाणतात, काय मानतात. परळच्या प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेचं डहाणूला ग्रामीण संशोधन केंद्र आहे. डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास, लेखकांत बावस्करही. मुलांना मी तो मोठ्याने वाचून दाखवला. विषारी साप ओळखायच्या लोकांच्या पद्धती चुकीच्या आहेत, असं त्यात आहे. शिवाय चिंचोका किंवा लोहचुंबक लावलं की विष उतरतं, असाही समज आहे. हे ऐकून दोन-तीन मुलं एकमेकांकडे बघून हसली. आपल्याच घरातलं कुणी छापलं की माणूस असाच हसतो. पुढचं वाक्य ऐकून मात्र कुणी हसलं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश जणांना मण्यार चावल्याची लक्षणं सांगता आली नाहीत.

मण्यार रात्रीची निघते. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. सूज नाही, आग नाही, कधी कधी डंखाची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं काहीतरी खाण्यात आलं. आमच्या कॉलेजात येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी जमिनीवर झोपतात. गटातल्या एका मुलीने त्या संध्याकाळी घरी फोन करून मच्छरदाणी खाली खोचून झोपायला सांगितलं, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो फोन म्हणजे त्या लेखाचा उपयोग नव्हे तर काय?

सर्पदंशावरच्या लेखांत आणखी एक गंमत दिसते. भारतातल्या सर्पदंशावरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या परिच्छेदात आकडा असणारच. ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’तून २०११ मध्ये आलेला वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यूंचा, किंवा २०२० चा, २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, हा. हे दोन लेख सायटेशनच्या बाबतीत राजे आहेत. ते मोलाचेच आहेत. त्याआधी सरकारी नोंदींत फार थोडे मृत्यू दिसायचे, कारण माणूस घरीच मेला की त्याची नोंद कुठे होणार? पण डहाणूच्या पाड्यात जाऊन चिंचोक्याची हकिगत लिहून आणणाऱ्यांचा लेख कुणाच्या पहिल्या परिच्छेदात जात नाही. तो पाचव्या परिच्छेदात जातो, आणि पाचव्या परिच्छेदाला कमी जण पोचतात.

हे डोक्यात घोळत असतानाच आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली एक सून बाळंत होऊन घरी आली. तिसऱ्या दिवशी आशाताई हजर. पिशवीतून ताणकाटा काढला, बाळाला झोळीत घालून तोललं, काखेत थर्मामीटर लावला, अंगावर किती वेळ घेता ते विचारलं, वहीत खुणा केल्या. “आता सातव्या दिवशी येते,” म्हणाली. मी सहज विचारलं, मग? तिने बोटांवर मोजून दाखवलं, “चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस.” या दिवसांमागेही लॅन्सेट आहे. १९९९ चा डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूचा लेख. गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २०११ पासून तेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. त्या लेखाला सायटेशन पुष्कळ आहेत, अगदी तक्त्यात शोभतील इतकी. बोईसरच्या आशाताईला मी लॅन्सेट म्हणजे काय ते सांगायला लागले, तर ती म्हणाली, “ताई, या महिन्याचं मानधन अजून आलं नाही, ते आधी.” मी गप्प बसले.

बोर्ड झाला. कोपऱ्यात एच-इंडेक्स लावायचा की नाही यावर मॅडमची आणि माझी थोडी वादावादी झाली. शेवटी तीन ठिकाणचे तीन आकडे लावायचे असं ठरलं, खाली तारीख घालून, म्हणजे मुलांना कळेल की हा आकडा कोण मोजतं यावर अवलंबून असतो. मधोमध चार लेखांची शीर्षकं मराठीत. आणि एका बाजूला विक्रमगडच्या मुलाने स्वतःच्या अक्षरात काकाची हकिगत लिहिली, आरोग्य केंद्राचं आणि डॉक्टरांचं नाव न घालता. त्यांना विचारलं नव्हतं म्हणून. बघायला आलेल्या पालकांनी सगळ्यात जास्त वेळ तेच वाचलं.

त्या गटाला चव लागली. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी बोईसर आणि पालघरमधल्या औषध दुकानांत जाऊन एकच प्रश्न विचारायचं ठरवलं : विंचू चावलेला माणूस तुमच्याकडे आला तर तुम्ही काय करता? एका दुकानदाराने शांतपणे सांगितलं, “दुखण्याची गोळी आणि मलम देतो, अजून कुणी तक्रार घेऊन आलं नाही.” मुलगा म्हणाला, “मॅडम, तक्रार करायला परत यायला माणूस जगला पाहिजे ना.” हे वाक्य त्यांना पेपरात घालायचं होतं. मॅडमनी काढायला लावलं.

लेख लिहून झाला तेव्हा संदर्भांची यादी माझ्याकडे आली. मी एकेक संदर्भ उघडून तपासला. मुलांनी दुसऱ्यांच्या लेखातून उचललेले, स्वतः न वाचलेले तीन-चार काढून टाकले. १९८२, १९८६, २०११ आणि २०२१ चे चारही ठेवले. जर्नल नीट बघून निवडलं. महिने गेले, मग दोन परीक्षकांची टिपणं आली. पहिल्याने प्रश्नावलीच्या भाषेवर चांगल्या शंका काढल्या होत्या. दुसऱ्याने एवढंच लिहिलं होतं की संदर्भ अपुरे आहेत, पुढचे तीन लेख आवर्जून घालावेत. तीनही लेखांवर एकच आडनाव होतं, आणि तिन्हींचा विंचवाशी संबंध नव्हता. मुलं म्हणाली, घालून टाकू मॅडम, पेपर अडकायला नको. फार्माकॉलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, एक घालू. मी तिन्ही लेख वाचले. त्यातला एक औषध दुकानांतल्या सल्ल्यावर होता आणि तो बरा होता. तो घातला. उरलेले दोन का घातले नाहीत, याचं कारण लिहून गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं आहे.